वाचकांचे प्रश्न : स्प्लाइनच्या टोकाची दिशा कोणी ठरवायची?

संगणकावर आराखडे काढणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच गोष्टीभोवती फिरतात : बिंदूंतून काढलेली स्प्लाइन, म्हणजे तुकडे जोडून केलेली गुळगुळीत वक्र रेषा, मध्यभागी मनासारखी येते आणि टोकांशी बिघडते. त्यामुळे इतर विषयांची पत्रे बाजूला ठेवून हे सदर पूर्णपणे स्प्लाइनच्या टोकांना दिले आहे.

प्रश्न : एका अवजाराच्या मुठीसाठी मी सात बिंदूंतून जाणारी स्प्लाइन काढली. सहकाऱ्याने तेच सात बिंदू, त्याच क्रमाने, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातले. दोन्ही वक्र एकावर एक ठेवल्यावर मधला भाग जुळला, पण दोन्ही टोकांशी ते स्पष्टपणे वेगळे झाले. टोकाची स्पर्शरेषा आम्ही दोघांनीही दिलेली नव्हती. मग चूक कोणाची?

चूक कोणाचीच नाही. सात बिंदू दिले म्हणजे वक्र पूर्ण ठरला, हे गृहीतच अपुरे आहे. थोडा हिशेब केला की ते पटते. सात बिंदूंमध्ये सहा तुकडे होतात आणि नेहमीच्या स्प्लाइनमधला प्रत्येक तुकडा त्रिघाती बहुपदी असतो, म्हणजे एका अक्षापुरता विचार केला तरी प्रत्येक तुकड्याचे चार सहगुणक शोधावे लागतात. एकूण अज्ञात संख्या २४ होतात. आता अटी मोजू. प्रत्येक तुकडा आपल्या दोन्ही टोकांच्या बिंदूंतून गेला पाहिजे, या १२ अटी. आतल्या पाच बिंदूंपाशी शेजारच्या दोन तुकड्यांचे पहिले आणि दुसरे अवकलज (बदलाचे दर) जुळले पाहिजे, या १० अटी. बेरीज २२. दोन अटी कमी पडतात. बिंदू सात असोत किंवा सत्तर, कमी पडणाऱ्या अटी नेहमी दोनच असतात आणि त्या प्रत्येक टोकाला एक याप्रमाणे भरून काढायच्या असतात. टोकाची स्पर्शरेषा ही या रिकाम्या जागी बसणारी अट आहे. ती आपण दिली नाही, तर सॉफ्टवेअर आपल्या समजुतीने काहीतरी भरते.

ही समजूत प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी असते. सर्वांत जुना मार्ग म्हणजे दोन्ही टोकांशी वक्रता (रेषा किती वळते, याचे माप) शून्य मानणे. याला नैसर्गिक स्प्लाइन म्हणतात. त्याचे मूळ लाकडाच्या पट्टीत आहे. जहाजांच्या आराखड्यांसाठी आरेखक लाकडाची लवचीक पट्टी वाकवून ती शिशाच्या वजनांनी जागोजागी रोखून धरत असत, आणि त्या पट्टीचेच नाव स्प्लाइन असे होते. १९४६ मध्ये गणितज्ञ शोनबर्ग यांनी हाच शब्द गणितात आणला. शेवटच्या वजनापलीकडे पट्टीवर कोणताही जोर नसल्याने ती तिथून सरळ जाते; टोकाची वक्रता शून्य मानण्यामागचे कारण हेच. दुसऱ्या मार्गात पहिले दोन तुकडे एकाच बहुपदीचे मानले जातात, आणि शेवटचे दोनही तसेच. तिसऱ्यात पहिल्या काही बिंदूंवरून टोकाच्या दिशेचा अंदाज बांधला जातो. तिन्ही मार्ग गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहेत, पण मुठीचे टोक कुठे वळले पाहिजे, याची माहिती त्यांपैकी एकालाही नसते. ती फक्त आपल्याला असते.

म्हणून उपाय असा : दोन्ही टोकांच्या दिशा स्वतः द्या आणि सहकाऱ्यालाही त्याच द्यायला सांगा. ऑटोकॅडमध्ये काढून झालेल्या फिट पॉइंटच्या, म्हणजे दिलेल्या बिंदूंतून नेलेल्या, स्प्लाइनसाठी स्प्लाइनएडिट ही आज्ञा देऊन फिट डेटा आणि त्यात टँजंट्स हा पर्याय निवडावा. आधी सुरुवातीची आणि मग शेवटाची दिशा विचारली जाते, आणि सिस्टिम डिफॉल्ट निवडला तर निर्णय पुन्हा सॉफ्टवेअरकडे जातो. दिशा देताना टँजंट किंवा पर्पेंडिक्युलर स्नॅप (आराखड्यातली नेमकी जागा पकडणारी सोय) वापरता येतो, म्हणजे शेजारच्या रेषेला स्पर्श करणारी किंवा काटकोनात असणारी दिशा नेमकी मिळते. सॉलिडवर्क्समध्ये स्प्लाइनच्या प्रत्येक बिंदूवर हँडल, म्हणजे ओढून स्पर्शरेषा बदलण्याची दांडी, असते. त्यावरील हिऱ्याच्या आकाराची खूण फक्त दिशा फिरवते आणि बाणाचे टोक स्पर्शरेषेचा जोर बदलते.

एक पुरवणी. तुमचा मधला भाग जुळला, हे सुदैव समजा. बिंदूंमधल्या अंतराला पॅरामीटर (वक्रावरचा प्रवास मोजणारी संख्या) कसा वाटून द्यायचा, याचेही प्रकार आहेत : जीवेच्या, म्हणजे दोन बिंदूंना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या, लांबीनुसार, तिच्या वर्गमुळानुसार किंवा सर्वांना सारखा. ही पद्धत वेगळी असती, तर बिंदूंमधली अंतरे असमान असलेल्या जागी मधला भागही वेगळा आला असता. टोके दुरुस्त करूनही वक्र जुळत नसेल, तर पुढचा शोध तिथे घ्यावा.

प्रश्न : मी टोकाची दिशा जेमतेम पंधरा अंशांनी फिरवली, तर त्या टोकापासून दूर असलेल्या बिंदूंजवळही वक्र लाटेसारखा हलला. टोक फिरवल्यावर फक्त टोकच का बदलत नाही?

बिंदूंतून जाणाऱ्या स्प्लाइनमध्ये सर्व तुकडे एकमेकांना बांधलेले असतात. पहिल्या बिंदूची दिशा बदलली की दुसऱ्या बिंदूपाशी वक्रता जुळवून घेण्यासाठी तिथली दिशाही बदलते, तिच्यासाठी तिसऱ्याची, आणि असे पुढे. हा परिणाम किती वेगाने ओसरतो, हे नेमके सांगता येते. बिंदू सारख्या अंतरावर असतील, तर प्रत्येक पुढच्या बिंदूवरचा बदल आधीच्या बदलाच्या सुमारे २७ टक्के असतो आणि त्याची दिशा उलट असते. म्हणजे टोकाशी केलेला बदल १०० मानला, तर दुसऱ्या बिंदूवर उलट दिशेने २७, तिसऱ्यावर सुलट दिशेने ७, चौथ्यावर उलट २ आणि पाचव्यावर अर्धा. तुम्हाला दिसलेली लाट या उलटसुलट चिन्हांतून उठते, आणि चार-पाच बिंदूंनंतर ती डोळ्यांना दिसेनाशी होते.

लाट उठू नये म्हणून अनेक जण टोकाजवळ आणखी बिंदू घालतात. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान याच सवयीने होते. जवळजवळ ठेवलेले बिंदू लाट थोड्या जागेत दाबून टाकतात खरे, पण तेवढ्याच जागेत वक्रतेचे चढउतार अधिक तीव्र होतात आणि वक्र हाताळण्यास कडक होतो. त्याऐवजी टोकाजवळचा एखादा बिंदू काढून पाहा. बहुतेक वेळा असे आढळते की तो बिंदू घालण्याचे कारण टोकाची दिशा न देणे, एवढेच होते, आणि योग्य दिशा दिल्यावर वक्र त्या जागेवरून आपोआप जातो.

बदल खरोखरच टोकापुरता ठेवायचा असेल, तर स्प्लाइन कंट्रोल पॉइंटच्या (वक्राला आपल्याकडे ओढणाऱ्या, पण बहुधा वक्राबाहेर असणाऱ्या बिंदूंच्या) रूपात संपादित करावी. त्रिघाती स्प्लाइनमध्ये पहिल्या कंट्रोल पॉइंटकडून दुसऱ्याकडे जाणारी रेषा हीच टोकाची स्पर्शरेषा असते, आणि दुसरा कंट्रोल पॉइंट हलवला तर बदल पहिल्या दोन तुकड्यांपुरताच राहतो. त्याच्या बदल्यात काय सोडावे लागते, हेही लक्षात घ्यावे : आतल्या मूळ बिंदूंतून वक्र नेमका जाईल, याची हमी मग राहत नाही.

प्रश्न : टोकाची दिशा अगदी बरोबर आहे, कोन मोजून पाहिला. तरीही टोकाजवळ वक्र कधी फुगतो, कधी एकदम वळतो. दिशा बरोबर असताना आकार का चुकतो?

कारण स्पर्शरेषेला दिशेबरोबर लांबीही असते. वक्र टोकापासून निघताना ती दिशा किती जोराने धरून ठेवतो, हे त्या लांबीवर अवलंबून असते. लांबी कमी असेल, तर वक्र दिशा लगेच सोडून पुढच्या बिंदूकडे वळतो. जास्त असेल, तर तो दूरवर त्याच दिशेने जातो आणि नंतर त्याला घाईने परतावे लागते, त्यामुळे फुगवटा येतो.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते एकाच तुकड्याच्या त्रिघाती बेझिए वक्रात. पिएर बेझिए यांनी रेनो या मोटार कंपनीत काम करताना हे वक्र प्रचारात आणले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो त्याआधीच, १९५९ पासून, त्याच गणितावर काम करीत होते. या वक्रात टोकाचे हँडल म्हणजे पहिल्या दोन कंट्रोल पॉइंटमधले अंतर, आणि टोकाचे पहिले अवकलज त्या अंतराच्या बरोबर तिप्पट असते. वक्र जवळजवळ सरळ असेल, तर हँडल एकूण लांबीच्या एक तृतीयांश ठेवावे. पाव वर्तुळासारखे वळण हवे असेल, तर हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवावी, म्हणजे १०० मिमी त्रिज्येला ५५.२३ मिमी. या मापाने काढलेला वक्र खऱ्या वर्तुळापासून त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्क्यांपेक्षा अधिक ढळत नाही. मधल्या वळणांसाठी या दोन टोकांच्या दरम्यान अंदाज घ्यावा, आणि सुरुवात नेहमी आखूड हँडलने करून ते हळूहळू वाढवावे. फुगलेला वक्र आवरण्यापेक्षा आखूड हँडल वाढवत नेताना योग्य जागा लवकर हाती लागते.

काही आज्ञा आपल्याकडून केवळ दिशा घेतात आणि लांबी स्वतः ठरवतात. तिथे फुगवटा दिशेने दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये. दिशा दोन-तीन अंशांनी ढळवून फुगवटा कमी झाल्यासारखा दिसतो, पण शेजारच्या रेषेशी सांधा मोडतो, आणि तो दोष प्रत्यक्ष वस्तूवर बोट फिरवताच कळतो. अशा वेळी लांबी बदलू देणारे हँडल किंवा कंट्रोल पॉइंट वापरावेत.

प्रश्न : ५० मिमी त्रिज्येच्या कंसाला स्प्लाइन जोडली आहे. सांध्याशी दोघांची स्पर्शरेषा एकच आहे, कोपरा अजिबात दिसत नाही. पण या रेषेवरून पृष्ठभाग तयार केला की सांध्याच्या जागी प्रतिबिंब तुटलेले दिसते. स्पर्शरेषा जुळूनही हे का होते?

तुमच्या सांध्यावर दिशा जुळली आहे, वक्रता जुळलेली नाही. या कामात सातत्याच्या पायऱ्या मानतात : टोके एका बिंदूवर आली की जी-०, स्पर्शदिशा जुळली की जी-१, वक्रताही जुळली की जी-२. कंसाची वक्रता सर्वत्र त्रिज्येचा व्यस्त, म्हणजे इथे १/५० आहे. स्प्लाइन सांध्यापाशी येताना तिची वक्रता शून्य असेल, तर सांध्यावर वक्रता ० वरून एकदम ०.०२ वर उडी घेते. कोपरा नसल्याने रेषेकडे पाहून ही उडी कळत नाही. प्रतिबिंब मात्र पृष्ठभागाच्या दिशेवर आधारलेले असते, त्यामुळे वक्रतेतली उडी प्रतिबिंबात कोपरा होऊन उमटते.

टोकाची वक्रता कशावर ठरते, हे एकदा समजले की दुरुस्ती हातची होते. त्रिघाती बेझिए वक्रात पहिल्या आणि दुसऱ्या कंट्रोल पॉइंटमधले अंतर मोजा, हे हँडल. मग तिसरा कंट्रोल पॉइंट टोकाच्या स्पर्शरेषेपासून किती उंचीवर आहे, ते मोजा. टोकाची वक्रता म्हणजे त्या उंचीला हँडलच्या वर्गाने भागून येणाऱ्या संख्येच्या दोन तृतीयांश. तुमच्या उदाहरणात हँडल २० मिमी ठेवले, तर वर्ग ४००, वक्रता ०.०२ येण्यासाठी उंची १२ मिमी हवी. हँडल ३० मिमी केले, तर तीच वक्रता मिळण्यासाठी उंची २७ मिमी लागते. हँडल १० मिमी असेल, तर केवळ ३ मिमी पुरते.

यातला वर्ग फार महत्त्वाचा आहे. तिसरा बिंदू तिथेच ठेवून हँडल दुप्पट लांब ओढले, तर टोकाची वक्रता एक चतुर्थांश होते. म्हणून जुळवलेला सांधा नंतर कोणी सहज म्हणून हँडल ओढून बिघडवतो, आणि दिशा न बदलल्यामुळे काही बिघडले आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. रायनो या सॉफ्टवेअरमध्ये याच कामासाठी एंडबल्ज नावाची आज्ञा आहे. ती टोकाची दिशा आणि वक्रता कायम ठेवून फुगवटा कमी-जास्त करू देते. ऑटोकॅडच्या ब्लेंड आज्ञेत दोन वक्रांमध्ये नवी स्प्लाइन घालताना टँजंट निवडले, तर तिसऱ्या डिग्रीची (त्रिघाती) स्प्लाइन मिळते आणि फक्त दिशा जुळते. स्मूद निवडले, तर पाचव्या डिग्रीची मिळते आणि वक्रताही जुळते. सॉलिडवर्क्समध्ये दोन वक्रांना समान वक्रतेचे बंधन घालता येते.

मागील उत्तरातील पाव वर्तुळ आठवा. ०.५५२३ पटीचे हँडल वर्तुळाशी आकाराने जवळजवळ एकरूप असले, तरी वरील सूत्राने त्याच्या टोकाची वक्रता वर्तुळापेक्षा सुमारे २ टक्के कमी भरते. यंत्रावर कापायच्या साध्या पट्टीला ते चालेल. चकचकीत पृष्ठभागाच्या बाबतीत मी सांध्याचा वक्रतेचा आलेख उघडून पाहिल्याशिवाय काम पुढे पाठवणार नाही. वक्रावर कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या रेषा दाखवणारी ही सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे दात सारख्या उंचीचे दिसले पाहिजेत.

प्रश्न : शेवटच्या टोकाला दिशा दिली की तिथे वक्राची बारीक गाठ पडते.

दिशा उलटी दिली गेली आहे. स्पर्शरेषेचा बाण वक्राच्या प्रवासाच्या दिशेने असतो : सुरुवातीला तो वक्राच्या आत शिरणारा आणि शेवटी वक्रातून बाहेर पडणारा. दोन्ही टोकांना बाण आतल्या बाजूला दिला, तर शेवटाकडे वक्राला आधी बिंदूच्या पुढे जाऊन मागे वळावे लागते आणि गाठ पडते. बाण १८० अंशांनी फिरवा.

प्रश्न : स्प्लाइनचे सर्व बिंदू एकाच प्रतलात आहेत, तरीही सॉफ्टवेअर ती सपाट नसल्याचे सांगते आणि तिच्यापासून बंद क्षेत्र तयार करू देत नाही.

बिंदू प्रतलात असले, तरी टोकाची स्पर्शरेषा प्रतलाबाहेर जात असेल, तर तिच्यामागे वक्रही बाहेर जातो. वरून पाहताना स्नॅपने वेगळ्या उंचीचा एखादा बिंदू पकडला गेला की असे होते, आणि वरच्या दृश्यात ते दिसत नाही. बाजूच्या दृश्यात जाऊन खात्री करावी आणि टोकांच्या दिशा प्रतलातच राहतील अशा पुन्हा द्याव्यात.

प्रश्न : टोकाची स्पर्शरेषा बदलण्याचा पर्याय काल होता, आज त्याच स्प्लाइनवर तो दिसत नाही.

दरम्यान त्या स्प्लाइनचा फिट डेटा नाहीसा झाला असावा. ऑटोकॅडमधला पर्ज हा पर्याय तो मुद्दाम काढून टाकतो. स्प्लाइन ट्रिम करणे, तिची डिग्री वाढवणे किंवा एखादा कंट्रोल पॉइंट हलवणे यांनीही तो जाऊ शकतो. वक्राचा आकार शाबूत राहतो, पण तो कोणत्या बिंदूंतून आणि कोणत्या टोकदिशांनी तयार झाला, ही नोंद पुसली जाते. अनडू करता येत असेल, तर उत्तम. नाहीतर टोकाजवळचा दुसरा कंट्रोल पॉइंट हलवून दिशा बदलावी. मी स्वतः मूळ स्प्लाइनची एक प्रत वेगळ्या लेयरवर बंद करून ठेवतो आणि कापाकापी दुसऱ्या प्रतीवर करतो.

स्प्लाइन बंद असेल, तर हा पर्याय वेगळ्या कारणाने निरर्थक असतो. सुरुवात आणि शेवट एकच झाल्यामुळे कमी पडणाऱ्या दोन अटी वक्र स्वतःशी जुळण्यातूनच पूर्ण होतात.

प्रश्न : डीएक्सएफ (आराखड्यांच्या देवाणघेवाणीचा एक प्रकार) फाइल कापणी करणाऱ्याकडे पाठवली. त्याच्या पडद्यावर टोके वेगळी दिसतात. टोकाच्या स्पर्शरेषा फाइलमधून जात नाहीत का?

जातात. डीएक्सएफमध्ये स्प्लाइनच्या नोंदीत सुरुवातीची स्पर्शरेषा १२ आणि शेवटाची १३ या क्रमांकाच्या संकेताखाली लिहिली जाते, पण या नोंदी वगळण्याची मुभा आहे. फिट पॉइंट ११ खाली, कंट्रोल पॉइंट १० खाली आणि नॉट (तुकडे जिथे जुळतात ती पॅरामीटरची मूल्ये) ४० खाली असतात. म्हणजे एकाच फाइलमध्ये वक्राची दोन वर्णने असू शकतात. कंट्रोल पॉइंट आणि नॉट वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला वक्र नेमका मिळतो, कारण तिथे काहीही ठरवायचे शिल्लक नसते. जे सॉफ्टवेअर फिट पॉइंट वाचून वक्र नव्याने बांधते, ते स्पर्शरेषेची नोंद नसेल किंवा तिच्याकडे त्याने दुर्लक्ष केले, तर टोकांशी स्वतःची समजूत वापरते. पहिल्या पत्रातल्या दोन सहकाऱ्यांच्या बाबतीत हेच घडले होते.

फाइल मजकूर संपादकात उघडून १२ आणि १३ या नोंदी आहेत का, ते पाहावे. नसतील, तर मूळ आराखड्यात टोकांच्या दिशा देऊन फाइल पुन्हा काढावी. असूनही फरक पडत असेल, तर स्प्लाइन कंट्रोल पॉइंटच्या रूपात बदलून पाठवावी. तेही चालले नाही, तर कापणीच्या अचूकतेपेक्षा बारीक अशा कंसांमध्ये किंवा रेषाखंडांमध्ये तिचे रूपांतर करावे आणि पाठवण्यापूर्वी दोन्ही टोकांचे कोन मूळ स्प्लाइनशी ताडून पाहावेत, कारण रेषाखंडांच्या साखळीत पहिला आणि शेवटचा खंड खऱ्या स्पर्शरेषेपासून नेहमी थोडा ढळलेला असतो.